गाई नकोत, पक्षी चालतील का? जमिनीच्या टॅक्सबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की आमच्या तीस एकरांवर एकही गाय नाही तरी टॅक्स गाईवाल्या शेजाऱ्याएवढाच लागतो, कारण आमची जागा काउंटीच्या कागदावर 'वाइल्डलाइफ'मध्ये आहे. त्या दोन ओळींवर एवढे मेल आले की रेसिपीच्या कॉलमलाही कधी येत नाहीत. जवळजवळ सगळे टेक्सासमधले, आणि एक थेट कोकणातून. निवडक घेतलेत. आधीच सांगते, मी वकील नाही, सीपीए पण नाही, हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, दगडधोंडे आणि काटेरी झुडपं सांभाळणारी एक बाई आहे, त्यामुळे सही करायच्या आधी तुमच्या काउंटीच्या अप्रेजल डिस्ट्रिक्टला (टॅक्ससाठी जमिनीची किंमत ठरवणारं ऑफिस) फोन कराच.

प्रश्न : ताई, आम्ही राउंड रॉकला राहतो. बर्नेटकडे २५ एकर जागा बघितलीय. रिअल्टर म्हणतो 'अ‍ॅग एक्झम्प्शन (शेतीची टॅक्स-सवलत) आहे, पण गाई ठेवाव्या लागतील'. आम्ही दोघं आयटीतले, गाई कोण बघणार? गाईंऐवजी पक्ष्यांसाठी जागा ठेवली तर चालतं असं ऐकलं, खरं आहे का?

खरं आहे. पण आधी तो 'एक्झम्प्शन' शब्द डोक्यातून काढा, सगळे तोच वापरतात, मी पण बोलताना वापरते, पण टॅक्स माफ होत नसतो, जमिनीची किंमत वेगळ्या पद्धतीने धरतात. टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, ती सगळी कसर प्रॉपर्टी टॅक्समधून निघते, आणि त्यातला मोठा वाटा शाळांचा. आता बाजारभावाने टॅक्स लावला तर ऑस्टिनच्या आसपासचा एकही शेतकरी टिकणार नाही, म्हणून १९७८ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून ठरवलं की शेतजमिनीची किंमत ती विकली तर किती येतील यावर धरायची नाही, तिच्यातून पिकतं किती यावर धरायची. लोक याला 'वन-डी-वन' म्हणतात, त्या कलमाचा नंबर आहे तो.

आकडा घेऊन बघा म्हणजे कळेल. समजा एकरी १५,००० डॉलर बाजारभाव, घराखालचा एक एकर सोडून २४ एकर, म्हणजे ३,६०,०००. टॅक्सचा दर १.८ टक्के धरला तर वर्षाला ६,४८० डॉलर. तीच जमीन शेतीच्या हिशोबाने एकरी १५० डॉलर धरली तर किंमत ३,६०० आणि टॅक्स ६५ डॉलर. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, प्रत्येक काउंटीचे वेगळे, पण फरक साधारण असाच असतो. घर आणि घराखालचा तुकडा मात्र नेहमीच्या भावानेच.

यात अडचण अशी झाली की टॅक्स वाचवायचा म्हणून लोक जमिनीला झेपो न झेपो, गाई सोडायला लागले. पातळ मातीचा डोंगराळ भाग, त्यावर वर्षानुवर्षं चराई, मग गवत गेलं, गवताबरोबर बॉबव्हाइट क्वेल (इथले लावे पक्षी) गेले, आणि ज्याला मनापासून रान राखायचं होतं त्यालाच बाजारभावाने टॅक्स. टेक्सासची ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे हे लक्षात घ्या, म्हणजे सरकारी अभयारण्यांवर विसंबून इथे काहीच वाचणार नाही, जे काय वाचेल ते कुणाच्या तरी कुंपणाच्या आतच. म्हणून १९९५ मध्ये मतदारांनी अजून एक दुरुस्ती मंजूर केली आणि वन्यजीवांसाठी जमीन सांभाळणं ही पण शेतीच धरायची असं ठरलं.

दोन गोष्टी मात्र नीट बघा. एक, टॅक्स गाईवाल्याएवढाच लागतो, त्याच्याहून कमी नाही. काउंटीचं एका पैशाचं नुकसान होत नाही, म्हणूनच तर हा कायदा टिकलाय असं माझं मत. दुसरी, वाइल्डलाइफमध्ये जायचं तर आदल्या वर्षी जमीन आधीच शेतीच्या (किंवा टिंबरच्या) व्हॅल्युएशनमध्ये असावी लागते. तुमच्या रिअल्टरचं 'आहे' हे तोंडी घेऊ नका, अप्रेजल डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर त्या जागेचा रेकॉर्ड उघडून बघा. आणि मालक बदलला की नव्या मालकाला अर्ज नव्याने करावा लागतो, हे क्लोजिंगच्या (खरेदी पक्की होण्याच्या) गडबडीत निम्मे लोक विसरतात. मुदत ३० एप्रिल. त्यानंतर ठरावीक काळापर्यंत घेतात, पण १० टक्के दंड बसतो.

प्रश्न : आम्हाला निसर्गात ढवळाढवळ करायची नाहीये. जागा आहे तशी सोडून दिली तर तेच खरं संवर्धन ना? मग फॉर्म भरून मोकळं होता येईल का?

नाही हो! हा सगळ्यात कॉमन गैरसमज. नुसतं सोडून दिलेलं रान कायद्याच्या भाषेत पडीक रान. कायद्याला 'मॅनेजमेंट' हवंय. सात कामांची यादी आहे आणि त्यातली किमान तीन दर वर्षी करायची: राहण्याची जागा सुधारणं, मातीची धूप थांबवणं, शिकारी आणि उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त, जास्तीचं पाणी, जास्तीचं खाणं, निवारा, आणि गणती. तीन म्हणजे तीन, दोन जोरात केली म्हणून तिसरं माफ नाही. आणि ही कामं एखाद्या स्थानिक जातीची वीण, स्थलांतर किंवा हिवाळ्यातला मुक्काम यासाठी असली पाहिजेत, म्हणजे 'कोणासाठी करताय' याचं उत्तर तयार ठेवायचं.

नवशिक्यांना मी नेहमी पाणी, निवारा आणि गणती सांगते, कारण ही तीन शनिवार-रविवारच्या माणसाला जमतात. पाण्याचं कुंड करायचं पण पक्ष्याला उतरता येईल आणि पडलेल्या सरड्याला बाहेर येता येईल असा दगडांचा उतार हवा, नाहीतर आठवड्याने जाल तेव्हा कुंडात मेलेले जीव तरंगताना दिसतील (आमच्याकडे पहिल्या उन्हाळ्यात तेच झालं, अजून आठवलं की वाईट वाटतं). निवारा म्हणजे ब्लूबर्डसाठी घरट्यांच्या पेट्या, किंवा तोडलेल्या फांद्यांचे ढीग तसेच रचून ठेवणं. पेट्या लावून विसरायचं नाही, दर वर्षी साफ करायच्या, आत काय सापडलं ते लिहायचं. गणती म्हणजे ठरलेल्या जागी ठरलेला वेळ बसून दिसेल ते मोजणं, किंवा गेम कॅमेरे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे) लावणं. आमच्या घरात हे काम सासूबाईंनी घेतलंय, दर वर्षी पुण्याहून चार महिने येतात, सकाळी चहाचा कप घेऊन खुर्ची टाकून बसतात आणि वहीत कार्डिनलला 'लाल बुलबुल' लिहितात, मी रिपोर्टमध्ये नाव बदलते एवढंच.

आणि वही ठेवाच. सुरुवातीला पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या फॉर्मवर मॅनेजमेंट प्लॅन द्यावा लागतो, पुढे काउंटी वार्षिक रिपोर्ट मागू शकते, जागा बघायलाही येऊ शकते. पहिल्या वर्षी मी चाळीस फोटो जोडले होते आणि एकावरही तारीख नव्हती, मग पत्र आलं, की हे या वर्षीचं काम आहे कशावरून. बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून बियाण्याची पावती, पेटीची पावती, पेट्रोलची सुद्धा, सगळं बुटांच्या खोक्यात.

प्रश्न : आम्ही माळकरी घरातले, मुंगी सुद्धा मारत नाही. यात शिकारीला परवानगी द्यावी लागते का? आणि बाहेरच्या लोकांना जागेत येऊ द्यावं लागतं का?

दोन्ही नाही. शिकार करू देणं सक्तीचं नाही, आणि तुमच्या परवानगीशिवाय कोणी आत यायचा प्रश्नच नाही. 'प्रिडेटर कंट्रोल' हा शब्द वाचून घाबरू नका, सातातली दुसरी तीन निवडा. फक्त मुंगी म्हणालात म्हणून सांगते, त्याच कलमात एका मुंगीचा बंदोबस्त पण येतो, फायर अँट. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबिल बंदरातून शिरली आणि आता जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडता पडता खाते. माळ घालणाऱ्याने काय करावं हे मी सांगणारी कोण, पण पायाला एकदा चावली की विचार जरा बदलतात एवढं नक्की!

प्रश्न : ताई, केरव्हिलजवळच्या आमच्या जागेत चक्क चितळ येतात, ठिपक्यांचे, अगदी नागझिऱ्यासारखे. आईबाबांना दाखवले तर त्यांना खरं वाटेना. यांच्यासाठी पाणी-चारा ठेवला तर तो वाइल्डलाइफमध्ये धरतील का?

हा प्रश्न वाचून मी एकटीच हसले. नाही धरणार. कायद्यात शब्द आहे 'स्थानिक', आणि चितळ बिचारे आपल्यासारखेच, तिकडून आलेले. १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेसाठी रँचवर आणून सोडले, त्यातले निसटले आणि आता हिल कंट्रीभर झाले. काळवीट पण त्याच सुमाराला आले, आणि नीलगाय तिकडे दक्षिणेला किंग रँचवर. आपल्याकडे काळवीट मारलं तर वर्षानुवर्षं कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात, इथे चितळाला शिकारीचा बंद हंगामच नाही, लायसन्स असलं की बारा महिने. मला स्वतःला गोळी घालवत नाही, पण एवढं मान्य करते की इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं खाणं ते संपवतात, कारण ते झाडपाला पण खातात आणि गवतावर पण भागवतात, हरणाला ते जमत नाही.

तेव्हा रिपोर्टमध्ये चितळांसाठी चारा ठेवला असं लिहू नका. हरणांसाठी म्हणून काम करा, किंवा त्याहून सोपं, गाणाऱ्या पक्ष्यांसाठी. आईबाबांना चितळ दाखवायला कायद्याची आडकाठी नाही.

प्रश्न : सीडर फीव्हरने (सीडरच्या परागांची अ‍ॅलर्जी) दर जानेवारीत आम्ही बेजार. जागेतली सगळी सीडरची झाडं कापून टाकली तर 'हॅबिटॅट सुधारणा' धरतील ना? एका दगडात दोन पक्षी!

दगड जपून मारा, कारण त्यातला एक पक्षी खरोखरच्या यादीत आहे. ज्याला आपण सीडर म्हणतो ते अ‍ॅश ज्युनिपर. वाढलेलं लहान ज्युनिपर काढून गवताळ जागा मोकळी करणं हे चांगलं काम आणि ते धरतातही. पण जुनी झाडं, ज्यांची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, ती गोल्डन-चीक्ड वॉर्ब्लरला घरट्यासाठी लागतात. हा इवलासा पक्षी जगात फक्त मध्य टेक्सासात वीण करतो, दुसरीकडे कुठेही नाही, मार्चमध्ये दक्षिणेकडून येतो, पिल्लं वाढवतो आणि उन्हाळ्यातच परत जातो. १९९० पासून तो फेडरल सरकारच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. तेव्हा जुनं ज्युनिपर आणि ओक यांचं मिश्र रान असेल तर बायॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय चेनसॉ चालू करू नका, पार्क्स अँड वाइल्डलाइफचे बायॉलॉजिस्ट जागेवर येऊन सल्ला देतात आणि पैसे घेत नाहीत. आणि ओकच्या फांद्या फेब्रुवारी ते जून छाटायच्या नाहीत, ओक विल्ट हा झाड मारणारा रोग पसरतो. शिंकांवर गोळी घ्या, मी पण घेते.

प्रश्न : आमची लीअँडरपलीकडे ९ एकर मोकळी जागा आहे, आधी कधीच शेती नव्हती, पूर्ण टॅक्स भरतोय. सरळ वाइल्डलाइफ मिळेल?

सरळ नाही. आधी शेतीचा इतिहास लागतो, सात वर्षांतली पाच. ५ ते २० एकरवाल्यांसाठी सोपा रस्ता म्हणजे मधमाश्या. बऱ्याच काउंटींत पहिल्या ५ एकरांना ६ पेट्या आणि पुढे दर अडीच एकरांना एक असा हिशोब असतो, तुमच्या काउंटीचा विचारून घ्या. स्वतः पाळायची भीती वाटत असेल तर पेट्या भाड्याने आणून ठेवणारे असतात. पण पाच वर्षं पूर्ण टॅक्स भरतच राहायचंय आणि वर पेट्यांचा खर्च, त्यामुळे दोन-तीन वर्षांत विकायचा विचार असेल तर या भानगडीत पडू नका.

ज्यांनी मोठ्या रँचमधून तोडून दिलेला तुकडा घेतलाय त्यांच्यासाठी पण इथेच लिहिते. आदल्या वर्षीपेक्षा जागा लहान झाली असेल तर किमान क्षेत्राचा नियम लागतो. एकूण एकरांतून एक वजा करायचा आणि एकूणने भागायचं. २० एकर असतील तर १९ भागिले २०, म्हणजे ९५ टक्के. काउंटीने ९५ ची अट ठेवली असेल तर २० वाला बसतो, १४ वाला नाही, त्याचे ९३ च्या आतच येतात. तुकडा घ्यायच्या *आधी* हा भागाकार करा, नंतर करून फक्त मनस्ताप.

प्रश्न : उद्या मुलांनी जागा बिल्डरला विकली तर मागचा सगळा टॅक्स वसूल करतात म्हणे?

सगळा नाही, मागच्या तीन वर्षांचा फरक. याला रोलबॅक म्हणतात. पूर्वी पाच वर्षांचा होता आणि वर व्याज, २०१९ मध्ये तीन वर्षांवर आणला आणि २०२१ मध्ये व्याज पण काढलं. वरच्या उदाहरणात वर्षाला ६,४१५ चा फरक, तीन वर्षांचे १९,२४५ डॉलर. नुसती विक्री झाली म्हणून लागत नाही, वापर बदलला की लागतो, पण तो कोणी भरायचा हे विक्रीच्या करारात लिहून घ्या, नाहीतर क्लोजिंगनंतर भांडणं. गाईंवरून वाइल्डलाइफवर गेलात तर रोलबॅक नाही.

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यातला, तुमचा अंक अमेरिकेतली बहीण पाठवते. आमचं सामायिकात सहा एकर जंगल आहे, खवले मांजर, भेकर, ककणेर (धनेश पक्षी) सगळं आहे. काका म्हणतात ठेकेदाराला उक्तं देऊन टाकू. आपल्याकडे सरकार अशी टॅक्समध्ये सूट का देत नाही?

दादा, तुमच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ बसले. सूट द्यायला आधी टॅक्स पाहिजे ना! तुमच्या सातबाऱ्यावर आकारणी बघा, काही रुपये असेल, आणि जंगलाचा भाग पोटखराब्यात (लागवडीला अयोग्य जमिनीत) असेल तर बहुतेक तेवढीही नाही. शेतीचं उत्पन्न इन्कम टॅक्समधून बाहेरच. टेक्सासात ६,४८० चे ६५ होतात म्हणून माणूस पाण्याचं कुंड बांधतो, तुमच्याकडे वीस रुपयांचे शून्य केले तर काका ठेकेदाराला नाही म्हणतील का? इथली युक्ती तिथे नेऊन चालणार नाही.

उलट आपल्याकडे भीती आहे. १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा, ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वनं सरकारजमा. लहान खातेदारांना त्यात सवलत होती, पण गावात माणसांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की जागेत रान दिसलं की इतर हक्कात शेरा पडतो. म्हणजे रान राखणाऱ्याला बक्षीस नाही, वर धाकधूक. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कम्युनिटी रिझर्व्ह आलं, खाजगी जमीन मालकाच्या इच्छेने त्यात देता येते, पण एकदा दिली की जमिनीचा वापर सरकारच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही, आणि बदल्यात टॅक्सचा फायदा वगैरे काही नाही. तुमच्या काकांना हे समजावून बघा, मला तर माझ्या काकांना समजावता आलं नसतं. माझं मत विचाराल तर कोकणात सूट नकोच, सरळ रोख पाहिजे, ठेकेदार दर पंधरा-वीस वर्षांनी देतो त्याच्या तोडीची रक्कम, दर वर्षी थोडी थोडी, रान उभं आहे तोवर.

ते होईल तेव्हा होईल. तोवर दोन गोष्टी करता येतील. हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात ती आहेत, तेव्हा ठेकेदाराने परवानगी काढलीय का ते कागद बघूनच पुढे बोला, आणि सामायिक आहे म्हटल्यावर तुमची पण सही लागणारच. दुसरं, सगळं वाचत नसेल तर ढोलीचा बेहडा, सातवीण, अशी जुनी वाकडी झाडं सौद्यातून बाहेर काढा. ठेकेदाराला त्यात फार लाकूड मिळत नाही त्यामुळे तोही फार ताणणार नाही, आणि ककणेराची मादी घरट्यासाठी तीच शोधते, ढोलीचं तोंड लिंपून महिनोन्‌महिने आत बसते आणि नर बाहेरून फळं भरवतो. मार्चमध्ये कुठल्या झाडाशी नर सारखा येतोय ते बघून ठेवा आणि तोडीच्या आधी त्या खोडाला चुना लावून या, काकांना सांगून.